पकडलेला मासा परत पाण्यात का सोडतात? स्टीलहेड, फ्लाय फिशिंग आणि मेळघाटाचं कनेक्शन

सिंभोऱ्याच्या धरणावर किंवा पूर्णेच्या एखाद्या डोहाशी गळ टाकून बसलेल्या माणसाला सांगून बघा. जगात काही लोक हजार डॉलरची काठी घेऊन कमरेपर्यंतच्या गार पाण्यात दिवसदिवस उभे राहतात. कधी आठवडाभरात एखादा मासा लागतो. लागला की त्याला दोन क्षण हातात धरतात आणि परत सोडून देतात. त्यावर वऱ्हाडात एकच प्रश्न येईल, "सोडाचाच होता त पकडला कायले?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुरुवात करावी लागते, पण गोष्ट फिरून लोणावळा, कावेरी आणि आपल्या मेळघाटाजवळ येते.

आधी मासा कोणता ते बघू. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. दोघांची जात एकच, शास्त्रीय नावही एकच. फरक आयुष्याचा आहे. नदीत जन्मलेल्या पिल्लांपैकी काही जन्मभर नदीतच राहतात, त्यांना रेनबो ट्राउट म्हणतात. काही पिल्लं एक ते तीन वर्षं नदीत काढून समुद्रात जातात, पॅसिफिक महासागरात हजारो किलोमीटर फिरतात, अंगाने वाढतात आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतात. ते स्टीलहेड. समुद्रातून आलेल्या माशाचं डोकं पोलादासारखं चमकतं म्हणून हे नाव. पॅसिफिकमधले सॅमन अंडी घातल्यावर मरतात. स्टीलहेडमधले काही मात्र पुन्हा समुद्रात जातात आणि दुसऱ्यांदाही येतात.

गंमत अशी, की नदीत परतलेला स्टीलहेड फारसा खात नाही. ज्याला भूक नाही त्याला गळाला लावायचं कसं? तो चिडून चावतो, जुन्या सवयीने चावतो की आपल्या जागेत घुसलेल्याला हुसकावतो, यावर मासेमारांच्या पिढ्या वाद घालत आल्यात. म्हणूनच त्याला 'हजार फेकींचा मासा' म्हणतात. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन आणि कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया हा त्याचा मुलूख. ओरेगनमधली नॉर्थ अम्प्क्वा नदी तर या मंडळींची पंढरीच. तिचा जवळपास 50 किलोमीटरचा पट्टा 1950 च्या दशकापासून फक्त फ्लाय फिशिंगसाठी राखून ठेवलाय.

फ्लाय म्हणजे माशी, पण खाण्याची नाही

आपल्याकडे गळ टाकायचा म्हणजे काय? गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, दोरीला शिशाचा तुकडा बांधायचा आणि फेकायचं. दोरीला वजन नसतं, तिला शिसं ओढून नेतं.

फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं असतं. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून किडा किंवा छोटा मासा वाटेल असं काहीतरी बनवतात. त्याला म्हणायचं फ्लाय. तिला वजन जवळपास नसतंच, मग ती 20-25 मीटर लांब जाणार कशी? तर वजन दोरीला दिलेलं असतं. दोरी जाड, मधे फुगीर आणि टोकाला निमुळती. काठी मागे-पुढे झुलवली की हवेत दोरीचा वळसा तयार होतो, तो वळसा उलगडत पुढे जातो आणि सोबत फ्लायला नेतो. बैलाच्या पाठीवरून हवेत फिरणारा आसूड आठवा. हिसका मुठीत असतो, आवाज टोकाला होतो. तसंच.

स्टीलहेडच्या नद्या रुंद, आणि काठावर दाट झाडं. मागे दोरी झुलवायला जागाच नाही. म्हणून तिथे स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलेली 'स्पे' पद्धत वापरतात. बारा ते पंधरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची काठी. दोरी मागे न नेता पाण्यावरच वळवून पुढे फेकायची. फेक तिरकी, प्रवाहाच्या आडवी. मग काहीच करायचं नाही. प्रवाह दोरीला ओढतो, फ्लाय अर्धगोल फिरत काठाकडे येते. दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचं. असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बघणाऱ्याला कंटाळा येईल, पण करणाऱ्याला नदीचा प्रत्येक दगड, प्रत्येक भोवरा पाठ होतो. आपल्याकडच्या जुन्या भोयाला नदी जशी पाठ असते, तशीच. फरक इतकाच, की भोयाच्या घरची चूल त्या पाठांतरावर पेटते.

मेळघाटाचा बांबू आणि रानकोंबड्याची पिसं

या कलेत आपला काय संबंध, असं वाटत असेल तर दोन गोष्टी ऐका.

पहिली काठीची. आज फ्लाय रॉड कार्बन फायबरचे असतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चांगला रॉड म्हणजे बांबूचा. अख्खा बांबू नाही. त्याच्या लांब पट्ट्या चिरायच्या, प्रत्येक पट्टी त्रिकोणी तासायची आणि सहा पट्ट्या चिकटवून षटकोनी काठी तयार करायची. अमेरिकेत हे काम सुरू झालं तेव्हा बांबू जायचा भारतातून. तो कलकत्त्याच्या बंदरातून निघायचा म्हणून तिकडे त्याचं नाव 'कलकत्ता केन'. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. हा कलकत्ता बांबू म्हणजे भरीव, चिवट जातीचा डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, असं साधारण मानलं जातं. आपल्याकडे यालाच मानवेल म्हणतात. मेळघाटाच्या जंगलात सागाखाली जो बांबू दिसतो, तो हाच. मेळघाटातला बांबू अमेरिकेत गेला असा दावा इथे नाही, जात मात्र तीच.

दुसरी गोष्ट पिसांची, आणि ती जरा वाईट आहे. मेळघाटात भल्या पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा तुम्ही ऐकला असेल. नराच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणासारखे चकचकीत पांढरे-पिवळे ठिपके असतात. व्हिक्टोरियन काळात सॅमनसाठी बांधल्या जाणाऱ्या फ्लायवर हे ठिपके डोळे म्हणून लावायची टूम निघाली. 'जॉक स्कॉट' नावाची प्रसिद्ध फ्लाय त्याशिवाय पूर्ण होत नाही. हा पक्षी फक्त भारतात सापडतो. मग काय, माना कापून कातड्यांचे ढीग परदेशी जाऊ लागले. बायकांच्या हॅटसाठी जाणारी इतर पक्ष्यांची पिसं वेगळीच. 1902 मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातून रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. आज हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि परदेशात लागणारी पिसं तिथेच पाळलेल्या कोंबड्यांपासून घेतात.

पिसांचा हा नाद किती टोकाला जातो? जून 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून 299 दुर्मिळ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. चोर निघाला बासरी शिकणारा एक अमेरिकन विद्यार्थी, जो फ्लाय बांधण्यात पटाईत होता. त्यातले काही पक्षी आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले होते. त्या पिसांच्या फ्लायने तो मासे पकडणार होता का? छे. असल्या फ्लाय काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी असतात.

आपला स्टीलहेड म्हणजे महाशीर

भारतात खुद्द ट्राउटही आहे. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी ब्राऊन ट्राउट काश्मीरमध्ये आणला, 1907 मध्ये रेनबो ट्राउट निलगिरीत. साहेबाला उन्हाळ्यात गळ टाकायला घरचा मासा हवा होता. पण विदर्भाच्या पाण्यात ट्राउट तग धरूच शकत नाही, त्याला बाराही महिने थंड पाणी लागतं. आपल्याकडे स्टीलहेडच्या जागी बसेल असा मासा एकच, महाशीर.

महाशीर हा रोहू-कतल्याच्या घराण्यातला, पण स्वभाव वेगळा. मोठे खवले, जाड ओठ, आणि वाहतं पाणी आवडणारा. जबड्यात दात नाहीत, घशात आहेत. खेकडे, शंखशिंपले तो तिथे भरडतो. काठावरच्या उंबराची पाण्यात पडलेली फळंही खातो. पावसाळ्यात नदी फुगली की वरच्या अंगाला चढतो आणि दगडगोट्यांच्या उथळ, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रोहूची मादी लाखांनी अंडी घालते, महाशीराची त्यापेक्षा फारच कमी. म्हणून मोठे मासे काढले की डोह भरून यायला वर्षं लागतात. गळाला लागल्यावर त्याची पहिली धाव अशी असते, की एकोणिसाव्या शतकातले इंग्रज त्याला सॅमनच्या वर मानत. 1873 मध्ये हेन्री सुलिवन थॉमस यांनी भारतातल्या गळमारीवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा नायक महाशीरच. 1946 मध्ये कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी पकडलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा होता.

महाराष्ट्राचा या माशाशी संबंध जुना. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांची नोंद केली आणि 1839 मध्ये दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं, 'खुद्री'. हे लॅटिन नाही. इथले लोक माशाला ज्या नावाने ओळखत, तेच त्याने आपल्या कानाला ऐकू आलं तसं लिहून टाकलं. खडस, खडशी ही नावं आजही ऐकू येतात. देहूला इंद्रायणीच्या डोहात आणि महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत देवाचे मासे म्हणून महाशीराला पिढ्यानपिढ्या कोणी हात लावलेला नाही. पकडून सोडण्यापेक्षा ही पद्धत जास्त शहाणपणाची म्हणावी लागेल. मुळात पकडतच नाहीत.

अमरावती जिल्ह्याची गंमत अशी, की पाणी दोन दिशांना जातं. पूर्वेला वर्धा नदी, ती पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते. उत्तरेला मेळघाटातल्या खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाचही नद्या तापीकडे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. अमरावती-अकोल्याच्या सपाट भागातलं पाणी घेणारी पूर्णाही शेवटी चांगदेवला तापीलाच मिळते. तापी-नर्मदेच्या बाजूचा महाशीर 'टॉर टॉर' या नावाने ओळखला जातो, गोदावरी-कृष्णेकडचा 'टॉर खुद्री'. मध्य प्रदेशाने तर नर्मदेच्या महाशीराला राज्याचा मासा करून टाकलंय. (महाराष्ट्राचा राज्य मासा 2023 पासून पापलेट. किनाऱ्यावरच्यांनी बाजी मारली.)

लोणावळ्याने जन्माला घातलेला प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मासे कमी झाले तर काय करायचं? कुणालाही सुचणारं उत्तर म्हणजे पिल्लं तयार करून सोडायची.

1970 च्या सुमारास लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावावर हेच सुरू झालं. मुंबई राज्याचे माजी मत्स्य संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खन महाशीराची अंडी काढून कृत्रिम पैदास करून दाखवली. काम खरंच मोठं होतं. नाजूक मासा, कमी अंडी, तरी इथून लाखोंच्या संख्येने बोटुकली तयार झाली आणि अनेक राज्यांना दिली गेली. दख्खन महाशीर टिकला याचं बरंच श्रेय या केंद्राला जातं.

त्यातलीच बोटुकली कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. तिथे महाशीर घटत होता आणि गळवाल्यांना तो वाढायला हवा होता. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड आणि नारिंगी पर असलेला. जगातला सगळ्यात मोठा महाशीर तोच. दीडशे वर्षं लोक त्याला पकडत होते, पण त्याला पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. निळसर परांचा पाहुणा खुद्री कावेरीत रुळला, वाढला, पसरला. कुबडवाला दिसेनासा होत गेला.

हे कळलं कसं? गळवाल्यांच्या वह्यांमुळे. गॅलिबोर इथल्या मासेमारी कॅम्पवर पकडून सोडलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जायची. 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांहून जास्त माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि कुबडवाले घसरत गेलेले स्पष्ट दिसलं. 2018 मध्ये तो मासा 'टॉर रेमादेवी' असल्याचं सिद्ध झालं आणि त्याच वर्षी जागतिक लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. नाव मिळालं तेव्हा मासा जवळजवळ संपत आला होता. वाळू उपसा, धरणं आणि स्फोटकांची मासेमारी ही कारणंही आहेतच, सगळा दोष बोटुकलीवर टाकणं बरोबर नाही. पण ज्यांनी मासे वाढावेत म्हणून पिल्लं आणली त्यांच्याच वह्यांनी ती चूक उघड केली, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते.

स्टीलहेडवाल्यांचा वादही हाच आहे. कोलंबिया आणि स्नेक नद्यांवर धरणं झाली, मासे घटले, म्हणून सरकारने मत्स्यबीज केंद्रं काढली. केंद्रातल्या पिल्लाचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात, म्हणजे पुढे गळाला लागल्यावर ओळखता येतं. पर कापलेला असेल तर बऱ्याच नद्यांत घरी नेता येतो, पर शाबूत असेल तर तो रानातला, त्याला सोडावंच लागतं. वऱ्हाडी प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. सोडणं ही अनेक ठिकाणी हौस नाही, नियम आहे. आणि वाद असा, की केंद्रातले मासे रानातल्यांशी जोडी जमवतात तेव्हा पुढची पिढी नदीत टिकायला कमजोर होते. काहींना वाटतं केंद्रं बंद करा, काहींना वाटतं ती बंद केली तर गळाला लागायला उरेल काय?

ज्यांना धरणच मूळ वाटतं त्यांच्या बाजूने एक भारी उदाहरण आहे. वॉशिंग्टन राज्यात एल्व्हा नदीवरची दोन जुनी धरणं 2011 ते 2014 या काळात पाडली. जवळपास शंभर वर्षं वरच्या अंगाला रेनबो ट्राउट अडकून पडले होते. वाट मोकळी झाल्यावर उन्हाळी स्टीलहेड नदीत परत दिसू लागले, आणि त्यात धरणामागे अडकलेल्या त्या ट्राउटचं रक्त आहे. इतक्या पिढ्यांनंतरही समुद्राची ओढ अंगात शिल्लक होती. तापीवर उकाई 1972 पासून आणि हतनूर त्यानंतर उभं आहे. ती कोणी पाडणार नाही, सिंचनाची गरजही खरी आहे. पण पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशासाठी भिंत ही भिंतच.

मग वऱ्हाडात हे करता येतं का?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पात नाही. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक, आणि संरक्षित जंगलात मासा पकडणं हा गुन्हा आहे, नंतर सोडून दिला तरी. कोलकासला सिपनेच्या वळणावर उभं राहून पाणी बघावं, काठी गाडीतच ठेवावी. धरणं आणि तलावांवर मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा आधी त्यांना विचारायचं. तिथे सोडलेली बोटुकली रोहू, कतला, मिरगलची असतात, आणि ती त्यांची कमाई आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची जुनी संस्था आहे, तशी सोय इकडे नाही.

नदीत जिलेटिन फोडणं किंवा विष, ब्लिचिंग पावडर टाकणं याबद्दल तर बोलायलाच नको. स्फोटकं आणि विषावर 1897 च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. उन्हाळ्यात नदी तुटून डोह उरतात आणि सगळे मासे त्यांत गोळा होतात. अशा एका डोहात एक कांडी फुटली की त्या नदीचं पुढच्या पावसाळ्याचं सगळं बियाणं गेलं. गळाने एका वेळी एकच मासा निघतो, तोही निवडून सोडता येतो.

सोडण्यालाही पद्धत आहे. गळाचा उलटा काटा आधीच चपटा करायचा, म्हणजे तो अलगद निघतो. मासा फार दमवायचा नाही. हात ओले केल्याशिवाय लावायचा नाही, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. वाळूवर, दगडावर टाकायचा नाही, कल्ल्यात बोट घालायचं नाही, फोटो काढायचाच तर पाण्यालगत आणि पटकन. मग तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून धरून ठेवायचा, कल्ल्यांतून पाणी वाहू द्यायचं. पाणी तापलेलं असेल, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये, तर हे सगळं नीट करूनही मासा मरू शकतो. त्या दिवसांत गळ टाकूच नये.

काहींना एवढंही जास्त वाटतं. नॉर्थ अम्प्क्वाच्या एका उपनदीवर ली स्पेन्सर नावाचा माणूस कित्येक हंगाम एका डोहाच्या राखणीला बसायचा, चोरट्या शिकाऱ्यांपासून स्टीलहेड वाचवायला. स्वतःही तो फ्लाय टाकायचा. फक्त गळाचं टोक आधीच कापून टाकलेलं असायचं. मासा यायचा, फ्लाय तोंडात धरायचा, एक झटका द्यायचा आणि निघून जायचा.